आईच्या फोनमधली नावं

एडिंबरात माझ्या उशाशी दोन फोन असतात. एक माझा. दुसरा आईचा, काचेला उभा तडा गेलेला, पाठीवर गणपतीचं स्टिकर. ती २०२२ च्या श्रावणात गेली. तिचा नंबर मी बंद होऊ दिलेला नाही, इथूनच रिचार्ज मारते. लोक आता व्हॉट्सअ‍ॅपवरच फोन करतात, त्यामुळे भागतं. भाऊ म्हणतो, कशाला पैसे घालवतेस. मी विषय बदलते.

त्या फोनमध्ये चारेकशे नंबर आहेत आणि माणसाच्या नावाने सेव्ह केलेले त्यातले जेमतेम वीस. बाकी सगळे असे: 'गालवाला पिलखोड', 'छातीवाली मेहुणबारे', 'नळी कजगाव', 'गळा वाघळी पोरगा मास्तर'. नावं ती विसरायची. आजार आणि गाव मात्र पक्कं. काहींच्या पुढे एक फुली आहे. म्हणजे ते माणूस गेलं. नंबर तिने पुसला नाही, कारण फुलीवाल्याच्या घरी दिवाळीला एक फोन जायचा.

आम्ही चाळीसगावचे. घर स्टेशनच्या बाजूला, पाच एकर कपाशी, आणि आई ब्लाऊज शिवायची. २००४ मध्ये मावशीच्या छातीत गाठ निघाली आणि दोघी बहिणी रात्रीच्या गाडीने मुंबईत परळला, टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलला गेल्या. सव्वातीनशे किलोमीटर. आई त्याआधी मुंबईला एकदाच गेली होती, लग्नाला. पहिल्या खेपेला जागा मिळेना म्हणून दोन रात्री फुटपाथवर काढल्या, मग कुणीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा रस्ता दाखवला. त्या वर्षभरात तिला सगळं पाठ झालं: केसपेपर कुठे काढायचा, फाईल कुठल्या खिडकीला द्यायची, कुठल्या दिवशी कुठली ओपीडी, रक्त द्यायला माणूस कसा उभा करायचा.

मावशी वाचली. सोळा वर्षं जगली. पण आईला कळलेलं वाया जाईना. आधी गल्लीतले विचारायला आले, मग खेड्यापाड्यांतले. आलेल्या माणसाला ती आधी पाणी द्यायची, मग रेशनकार्ड मागायची. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरचं तिकीट फुकट असतं, सोबतच्याला पाव भाडं पडतं, हे आमच्याकडे कित्येकांना ठाऊकच नसायचं. तिकिटाचे पूर्ण पैसे मोजून, व्याजाने काढून, लोक जायचे. रेशनकार्डावर फुकट उपचारांची राजीव गांधी जीवनदायी योजना धुळ्याला २०१२ च्या जुलैत लागू झाली आणि आमच्या जळगाव जिल्ह्याला २०१३ च्या नोव्हेंबरात. मधलं दीड वर्ष तिने धुळ्याकडे बोट दाखवून सरकारला शिव्या घातल्या. योजना आल्यावर (पुढे तिचंच नाव महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना झालं) कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, या भानगडीत तिचे निम्मे दिवस तहसील कचेरीत गेले.

रात्री गाडीच्या वेळेला ती स्टेशनवर. कुणाला चढवून द्यायला, कुणाला उतरवून घ्यायला. चाळीसगावात सांगतात की कलामहर्षी केकी मूस दर रात्री पंजाब मेलची वाट पाहायचे, मुंबईहून कुणी येणार होतं म्हणून. बाबा म्हणायचे, "गाडीची वाट पाहणारे आपल्या गावात दोनच. एक मूससाहेब, एक तुझी आई." हसत म्हणायचे, पण ताट वाढून घ्यायला तेच उठायचे. माझी दहावीची परीक्षा, माझा ताप, माझं पहिलं स्थळ बघायला आलं तो दिवस, प्रत्येक ठिकाणी कुणाचा तरी केमो आडवा आला आहे. हे मी आज लिहू शकते. तेव्हा दारं आपटायची.

तिचं खरं काम मात्र मशीनवरचं. स्तन काढल्यावर एका बाजूचं वजन जातं, खांदा उतरतो, बाई पदर ओढून वाकडी चालायला लागते. मावशीसाठी म्हणून आईने घरच्या कपाशीचा कापूस घेतला, सरकी काढलेला, पिंजलेला, मऊ मलमलमध्ये भरला आणि गोल शिवला. कापूस हलका पडला. मग वजनाला आत मोहरीची पुरचुंडी घातली. जमलं! ब्लाऊजला आतून कप्पा, कप्प्यात ती गादी, कुणाला कळत नाही. सहासात जणींना वाटल्या आणि पंधरा दिवसांनी पिलखोडची एक बाई परत आली. धुऊन वाळत घातली होती, पावसाळी हवा, आणि मोहरीला मोड आले होते. दोघी ओसरीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तेव्हापासून बांगडीवाल्याकडचे काचेचे मणी, आणि धुवायच्या आधी पुरचुंडी काढायला एक बंद.

ब्लाऊज हातात घेतला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "डावी का जेवनी?" अहिराणीत उजवा हात म्हणजे जेवना हात. कप्पा कुठे लावायचा, एवढंच तिला हवं असायचं. कुठला दवाखाना, कितवी स्टेज, नवरा काय म्हणतो, हे बाई आपणहून सांगेपर्यंत ती विचारायची नाही.

२०१६ ला माझ्या बाळंतपणाला ती इथे आली. सहा महिन्यांचा व्हिसा, बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि बिबडे. बाबागाडी घेऊन आम्ही फिरायला जायचो तो रस्ता वेस्टर्न जनरल हॉस्पिटलवरून जातो. तिथल्या आवारात एक छोटी इमारत आहे, मॅगीज सेंटर, कॅन्सर झालेल्यांना येऊन बसायची जागा. मॅगी केसविक जेंक्स नावाच्या बाईंना आजार उलटल्याचं सांगून झाल्यावर, मागे रांग आहे म्हणून, बाहेरच्या बोळात बसवलं गेलं होतं. उरलेल्या दिवसांत त्यांनी या जागेचा आराखडा केला. त्या १९९५ मध्ये गेल्या, सेंटर १९९६ ला उघडलं. अपॉइंटमेंट लागत नाही, पैसे लागत नाहीत. हे सगळं मी नंतर वाचलं. आईने फक्त डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई दारातून बाहेर पडताना पाहिली आणि ती थेट आत शिरली. मी मागे, बाळ रडतंय.

आत काऊंटर नाही, स्वयंपाकघरातलं मोठं टेबल. कुणीतरी चहा दिला. आई टेबलावरची बिस्किटं बघून मला म्हणाली, "बस, इतलंच?" समोर सत्तरीच्या एक आजी होत्या. आई त्यांच्या खांद्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, विचार. मी मेल्याहून मेली झाले, पण विचारलं. आजी हसल्या. हॉस्पिटलने सिलिकॉनची दिली आहे म्हणे, फुकट, पण घाम येतो, म्हणून ती घरी ड्रॉवरमध्ये असते. मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "तिले सांग, मी कापूसनी बनाडी देसू."

दिली नाही. पाचव्या आठवड्यात भावाचा फोन आला, तरवाडेच्या एका बाईला ऑपरेशनची तारीख मिळालीय, बरोबर जायला कुणी नाही. आईने मला तिकीट बदलायला सांगितलं. माझे टाके नीट भरले नव्हते, पोरगी रात्रभर जागवायची. मी तिकीट बदलून दिलं आणि महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही. तिनेही समजूत काढली नाही. फोनवर रोज एकच विचारायची, जेवलीस का.

ती गेल्यावर तिची पेटी मी आणि वहिनीने उघडली. चौदा गाद्या तयार होत्या, मण्यांच्या पुरचुंड्या वेगळ्या डब्यात. एका गादीला बाकीच्यांपेक्षा बारीक टाका होता, पांढऱ्या मलमलला निळ्या दोऱ्याची कड. वहिनी म्हणाली, ही कुणाला देत नव्हत्या, म्हणायच्या इंग्लंडवाल्या बाईची आहे. स्कॉटलंड म्हटलेलं आईला शेवटपर्यंत पटलं नाही. ती मी घेऊन आले. मॅगीजमध्ये दोनदा जाऊन बसले, पण त्या आजींचं नावच मी तेव्हा विचारलं नव्हतं.

परवा पहाटे चारला आईचा फोन वाजला. तिकडे साडेआठ. स्क्रीनवर 'छातीवाली हिरापूर', पण बोलणारी तिची सून होती. सासूबाई बऱ्या आहेत, पण आता तिच्या स्वतःच्या आईचं ऑपरेशन झालंय, टाके निघालेत, ब्लाऊज बसत नाही. आई गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती गप्प झाली, मग घाईने म्हणाली, "राहू द्या ताई, चुकून त्रास दिला."

"ठेवू नका," मी म्हटलं. "डावी का जेवनी?"

"डावी."

मी वहिनीला फोन लावला. पेटीत अजून तीन आहेत.