आढ्यावरचा माणूस

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी साडेसातलाच डोक्यावर ठोकाठोक सुरू झाली. घरमालक आजोबांनी अखेर छपराचं काम काढलं. गेल्या हिवाळ्यात माळ्यावर गळलं, तेव्हापासून मी तिथे एक बादली ठेवून आहे आणि आजोबा 'या आठवड्यात बघतो' म्हणताहेत. जर्मन माणूस वेळ पाळतो, हा नियम छपराला लागू नसावा.

कॉफीचा थर्मास घेऊन माळ्यावर गेलो. अर्धी कौलं उतरवलेली, वर सरळ आभाळ. आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून, घोड्यावर बसावं तसा एक पोरगा बसला होता. असेल बाविशीचा. काळी जाड कॉर्डरॉयची पँट, पायाशी घंटेसारखी रुंद, वर काळं बिनबाह्यांचं जाकीट. जाकिटाला आठ बटणं असतात, दिवसाचे कामाचे तास आठ म्हणून, असं आजोबांनी सांगितलं. पोराच्या कानावर पेन्सिल होती. दोन खिळे ओठांत धरून तिसरा ठोकत होता. तीन घावांत खिळा आत. मग वाशावरचा भुसा फुंकून त्याने बोटाने सांधा चाचपला, आणि मान न वळवता, खिळे ओठांतच ठेवून, 'डांके' म्हणाला. कॉफी तिथेच गार झाली.

इकडे घराचा लाकडी सांगाडा उभा करणारा सुतार वेगळा आणि कपाटं-टेबलं करणारा वेगळा. पहिला तो त्सिमरमान. आमच्या देवरुखला वाशांपासून पोळपाटापर्यंत सगळं एकच माणूस करायचा, त्यामुळे हा फरक डोक्यात शिरायला मला चार वर्षं लागली.

खाली उतरलो तर आजोबा मान वर करून बघत उभे. म्हणाले, "आमचा मीरोसुद्धा हेच शिकला होता."

मीरो म्हणजे जर्मनीचा फुटबॉलपटू मिरोस्लाव क्लोझे. इथे, कायझर्सलाउटर्नमध्ये, त्याचं आडनाव घ्यावं लागत नाही.

त्याच दिवशी, रात्री

झोप नाही. वर ताडपत्री फडफडते आहे.

क्लोझे मला पहिल्यांदा दिसला तो जून २००२ मध्ये. दहावीचा निकाल लागायचा होता, घराची शाकारणी नुकतीच उरकली होती आणि संध्याकाळी केबलवर जर्मनी विरुद्ध सौदी अरेबिया लागलं होतं, जपानमधल्या साप्पोरोहून. मला जर्मनीशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्या आळीत सगळे ब्राझीलवाले. पण विसाव्या मिनिटाला एक हडकुळा पोरगा हवेत उडाला आणि डोक्याने गोल. पंचविसाव्याला परत. उत्तरार्धात सत्तराव्याला परत. तिन्ही डोक्याने. त्यानंतर त्याने मारलेली कोलांटी अजून डोळ्यांसमोर आहे. जर्मनी ८-० जिंकली. आबा पेपरातून मान काढून म्हणाले, "बघ, डोकं असं वापरायचं असतं."

पुढे आयर्लंडविरुद्ध एक, कॅमेरूनविरुद्ध एक. त्या स्पर्धेत पाच गोल, पाचही डोक्याने. अंतिम सामन्यात मात्र ब्राझीलने २-० हरवलं आणि आमच्या आळीत फटाके फुटले. मी उगाच थोडा हिरमुसलो, ते कुणाला सांगितलं नाही.

तेव्हा वाटलं होतं, हा ताडमाड उंच असणार. तसं काही नाही. शेजारी खेळणारा कार्स्टन यांकर त्याच्यापेक्षा चांगला चार बोटं उंच होता आणि राखीव खेळाडूंतला ऑलिव्हर बीअरहोफही उंचच. क्लोझेचं सगळं उडीच्या वेळेत होतं. चेंडू येण्याआधी तो वर पोचलेला असायचा आणि बचाववाला नंतर यायचा.

आजोबांच्या एका वाक्यामुळे आज रात्री त्याची सुरुवातीची वर्षं नीट लावून बघितली. जन्म जून १९७८, पोलंडमधल्या ओपोलेचा. वडील योसेफ व्यावसायिक फुटबॉलपटू. ओड्रा ओपोलेकडून खेळायचे, नंतर फ्रान्समध्ये ओसेरकडून. आई बार्बारा पोलंडच्या राष्ट्रीय हँडबॉल संघाची गोलरक्षक. म्हणजे घरात एक गोल करणारा आणि एक अडवणारी. मूळ जर्मन वंशाची कुटुंबं तेव्हा पोलंडहून इकडे येत होती, त्यांतलंच हे एक. मीरो आठ वर्षांचा असताना ते इथून तासाभरावरच्या कूझलला आले. त्याला जर्मन शब्द दोनच यायचे: 'या' आणि 'डांके'. हो आणि धन्यवाद.

मीही आलो तेव्हा जवळपास एवढ्याच भांडवलावर आलो होतो. पण माझ्या खिशात नोकरीचं पत्र होतं आणि ऑफिसात इंग्रजी चालायचं. आठ वर्षांच्या पोराला वर्गात बसवून 'हो' आणि 'धन्यवाद' एवढ्यावर दिवस काढायला सांगणं ही निराळी गोष्ट आहे. माझी धाकटी इथल्या बालवाडीत पहिले दोन महिने फक्त मान हलवत होती. मैदानावर मात्र तिला कुणी काही विचारायचं नाही. चेंडू यायचा, ती लाथ मारायची.

शाळेनंतर क्लोझे सुतारकी शिकला, त्सिमरमानचीच. खेळायचा एसजी ब्लाउबाख-डीडलकॉप्फ या गावच्या क्लबाकडून. सातवी श्रेणी. बुंडेसलीगा पहिली, आणि तिथून खाली मोजत गेलं की सातव्या पायरीवर हा. १९९८ साली, विशी गाठली तेव्हा तो तिथून निघून होंबुर्गला गेला. त्याच वर्षी आमच्या शहराचा क्लब कायझर्सलाउटर्न दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन थेट बुंडेसलीगा जिंकलं होतं. हे शहर रस्त्यावर नाचत होतं तेव्हा हा तासाभरावर असलेला पोरगा कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

होंबुर्गच्या पहिल्या संघाकडून त्या मोसमात त्याचे सामने १८, गोल १.

हा आकडा मी दोनदा वाचला. पुढे २०१४ मध्ये बेलो होरिझोंटेला ब्राझीलविरुद्ध ज्याने विश्वचषकातला सोळावा गोल करून ब्राझीलच्याच रोनाल्डोच्या पंधरा गोलांना मागे टाकलं, त्याच माणसाचा हा आकडा. मला हाच जास्त आवडला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

कूझलला जाऊन आलो. बायको म्हणाली, "तिथे आहे काय बघण्यासारखं?" बरोबर होतं तिचं. तरी गेलो.

लहानशी गाडी. लांडश्टूलनंतर मुख्य मार्ग सोडते आणि राम्श्टाइनवरून ग्लान नदीच्या खोऱ्यात शिरते. राम्श्टाइनला अमेरिकेचा हवाई तळ आहे, करडी अजस्र विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की डब्यातली पोरं हात वर करतात. मग शेतं, टेकड्या, आल्टेनग्लान, रामेल्सबाखची दगडाची खाण, आणि मग कूझल. गाडी तिथेच संपते. पाच-साडेपाच हजार वस्ती. ऑपेरा गायक फ्रित्स वुंडरलिश इथलाच.

या भागाचं एक जुनं वैशिष्ट्य मला फार आवडतं. एकोणिसाव्या शतकात इथली जमीन पोट भरायला पुरायची नाही, म्हणून गावंच्या गावं वाद्यं शिकून बाहेर पडायची. तुतारी, क्लॅरिनेट पाठीला बांधून इंग्लंड, अमेरिका, सर्कशींचे बँड. लिश्टेनबर्गच्या किल्ल्यात त्यांचं संग्रहालय आहे. आमच्या कोकणातून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली तसंच म्हणायचं, फक्त यांच्या हातात बिगूल. तर जिथून सगळे बाहेर जायचे अशा गावात क्लोझे कुटुंब उलट बाहेरून आत आलं.

डीडलकॉप्फ हा कूझलचाच भाग आणि ब्लाउबाख त्याला लागून असलेलं गाव. चालतच गेलो. पाऊस भुरभुरत होता. या पावसाला इकडे 'फ्रित्स वाल्टरची हवा' म्हणतात. १९५४ चा विश्वचषक जिंकणारा कर्णधार फ्रित्स वाल्टर कायझर्सलाउटर्नचा, आणि ओल्या मैदानावर त्याचा खेळ खुलायचा. बेट्झेनबर्ग टेकडीवरच्या आमच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. तो गेला १७ जून २००२ ला, म्हणजे त्याच्याच क्लबचा पोरगा तिकडे जपानमध्ये डोक्याने गोल करत होता त्या दिवसांत.

वाटेत डोक्यात एकच विचार. क्लोझेची गोष्ट सांगणारे सगळे शेवटाकडून मागे येतात. आधी सोळा गोल ठेवायचे आणि मग त्यांच्या उजेडात तो सुतार दाखवायचा, म्हणजे तो वाशांवर बसूनसुद्धा विश्वचषकाचीच वाट बघत होता असं वाटावं. पण अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी वाशावर बसलेल्या पोराला पुढचं काय माहीत? त्याच्या लेखी ती तयारी नव्हती, ते काम होतं. कामानंतर सराव, शनिवार-रविवारी सामना, सोमवारी पुन्हा छप्पर. होंबुर्गला एक गोल करून मोसम संपला, तेव्हा तो अपयशी नव्हता की उद्याचा हिरोही नव्हता. तो होंबुर्गचा एक गोल केलेला खेळाडू होता, बस. आपण त्याला त्या वर्षात राहू देत नाही.

हे मला का टोचतं ते मला ठाऊक आहे. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच वर्षांना 'तयारी' म्हणायची मला सवय आहे.

असो. योगायोग मात्र जबरदस्त जुळून आले. १९९९ मध्ये कायझर्सलाउटर्नने त्याला घेतलं तेही हौशी, म्हणजे दुसऱ्या संघात. तिथे तो भराभर गोल करायला लागला. एप्रिल २००० मध्ये प्रशिक्षक ओट्टो रेहागेलने त्याला पहिल्यांदा बुंडेसलीगात उतरवलं. वय एकवीस पूर्ण. दोन महिन्यांनी युरो स्पर्धेत जर्मनीचं पानिपत झालं. रोमानियाशी बरोबरी, इंग्लंडकडून हार, पोर्तुगालच्या दुय्यम संघाकडून ०-३, गटात तळाला. रूडी फ्योलर प्रशिक्षक झाला आणि त्याला नवे आघाडीवीर हवे होते. नेमका तेव्हाच क्लोझे पहिल्या पूर्ण मोसमात नऊ गोल करत होता.

पोलंडचंही लक्ष गेलं. जानेवारी २००१ मध्ये त्यांचे प्रशिक्षक येझी एंगेल स्वतः जर्मनीत येऊन त्याला भेटले. आमच्याकडून खेळ म्हणाले. त्याने नम्रपणे नाही म्हटलं: माझ्याकडे जर्मन पासपोर्ट आहे, असंच चाललं तर फ्योलर बोलावतील. घरात पोलिश बोलणाऱ्या पोराने हे बोलायचं म्हणजे घरी काय झालं असेल, मला त्याचंच जास्त कुतूहल. मार्चमध्ये लेव्हरकुसेनला अल्बानियाविरुद्ध १-१ असताना फ्योलरने त्याला ७३ व्या मिनिटाला पाठवलं आणि ८८ व्याला त्याने विजयी गोल केला. डोक्यानेच. चार दिवसांनी अथेन्सला ग्रीसविरुद्ध आणखी एक. पुढच्या मोसमात बुंडेसलीगात सोळा गोल, आणि मग साप्पोरो.

मोजून बघितलं. सातव्या श्रेणीतून राष्ट्रीय संघापर्यंत तीन वर्षंसुद्धा नाहीत.

आता असं होईल? युरोतल्या त्या नामुष्कीनंतर जर्मन फुटबॉल संघटनेने बुंडेसलीगा क्लबांना तरुणांच्या अकादम्या सक्तीच्या केल्या आणि देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उघडली. मुद्दाच असा की कुठल्याही खोऱ्यातला पोरगा नजरेतून सुटू नये. म्हणजे आजचा क्लोझे अकराव्या वर्षीच सापडेल. आणि पंधराव्या वर्षी बहुधा 'शरीरयष्टी कमी पडते' म्हणून परत घरीही येईल. हे माझं मत, आकडे नाहीत माझ्याकडे. पण मोठ्या मुलाला निवडचाचणीला नेलं होतं तेव्हा अकरा वर्षांच्या पोरांच्या धावण्याच्या वेळा वहीत टिपून घेणारी माणसं बघितली, आणि पोटात कसंतरी झालं.

मैदानाचं फाटक बंद होतं. जाळीतून बघितलं. ओलं गवत, दोन गोल, मागे झाडी. एका गोलाची जाळी कोपऱ्यात हिरव्या सुतळीने शिवलेली. एक बाई कुत्रा घेऊन गेल्या, मला बघून थांबल्या, 'मॉर्गन' म्हणाल्या. इथे जाळीला नाक लावून उभे राहिलेले मी काही पहिला नसणार.

गाडीतून आबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते सगळं ऐकून म्हणाले, "आणि तुझं छप्पर झालं का?"

मंगळवार, २१ ऑक्टोबर

झालं. शेवटची कौलं दुपारी बसली. परांची उतरवेपर्यंत अंधार पडला. आढ्यावरचा पोरगा अवजारं आवरत होता, हातोड्याचा दांडा पँटच्या बाजूच्या खिशात सरकवत. यावेळी कॉफी गरम असताना प्यायला.

विचारलं, फुटबॉल खेळतोस का? म्हणाला, "रविवारी. गावच्या संघात, आघाडीला."

"आणि गोल?"

त्याने कप ठेवला, जरा हसला. "यंदा एक. तोही गुडघ्याला लागून गेला."

रात्री पाऊस आला. माळ्यावर जाऊन टॉर्च मारून बघितलं, कोरडं आहे. बादली मात्र तिथेच राहू दिली.