भवानीच्या वेळी मोडलेला सौदा

तुर्कस्तानच्या ग्रुप टूरमध्ये कॅपाडोशिया झालं, पामुक्कले झालं, बॉस्फरसवरची बोटही झाली. त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत. मला लिहायचंय ते इस्तंबूलच्या ग्रँड बाझारमधल्या एका सकाळीबद्दल, कारण तिथे जे घडलं त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिथले लोक त्याला कपालीचार्शी म्हणतात. सुलतान दुसऱ्या मेहमेदने १४५३ मध्ये शहर जिंकलं आणि दोन-तीन वर्षांतच या बाजाराचं काम काढलं. दुकानांचं भाडं आया सोफिया मशिदीच्या खर्चाला जायचं. आज एका छपराखाली साठेक गल्ल्या आणि हजारो दुकानं आहेत. नुरुओस्मानियेच्या दरवाजातून आत शिरलं की मुख्य गल्लीत दोन्ही बाजूंना नुसतं सोनं. लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाचेही डोळे दिपतात. जायचं तर दुकानं उघडत असतानाच जावं. तेव्हा मान वर करून कमानींवरची रंगीत नक्षी निवांत बघता येते, नंतर फक्त पुढच्याची पाठ दिसते.

आम्ही तसे लवकर पोचलो होतो. ग्रुपमधल्या एका गृहस्थांबरोबर मी किलिमच्या, म्हणजे तिथल्या सतरंज्यांच्या, दुकानात शिरले. दुकानदार साठीचे असावेत. पोऱ्याने लोंबत्या तबकातून चहा आणला: बारीक कमरेचे पेले, बिनदुधाचा, बशीत साखरेचे खडे. मग त्यांनी एक लाल-निळं किलिम पसरलं. गालिच्याला गाठी असतात, हे सपाट विणलेलं. उलटं करून दाखवलं, मागेही तीच नक्षी. उजेडासमोर धरलं तर लाल संपून निळा सुरू होतो तिथे बारीक उभी फट दिसली, कारण शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवलेले नसतात. शेवटी पांढरा रुमाल ओला करून लालवर खसाखसा घासला. रुमाल पांढराच राहिला.

भाव सांगितला २२० युरो. आमच्या गृहस्थांनी ९० म्हटलं. कॅल्क्युलेटर इकडून तिकडे फिरत राहिला, दुसरा चहा आला. "१२०, शेवटचे," गृहस्थ म्हणाले. दुकानदार थोडा वेळ गप्प राहिले, मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही आजचे पहिले."

आणि हे उठले! "जरा बाकीची दुकानं बघून येतो." बाहेर आल्यावर मला म्हणतात, "घ्यायचं कुणाला होतं? किती उतरतो ते बघत होतो."

मला संताप आला. चढा भाव सांगणं, आपण निम्म्याच्या खाली मागणं, पटलं नाही तर मधेच उठून चालू लागणं, हे सगळं तिथल्या रीतीत बसतं. त्यात कुणी कुणाला फसवत नाही. पण आपण तोंडाने सांगितलेली किंमत समोरच्याने मान्य केली की पैसे काढायचे. त्यातून भवानीची वेळ! मंडईतली भाजीवाली काय म्हणाली असती, ते यांना माहीत नाही का? मी तसं सुनावलं. "त्यांना सवय असते हो," म्हणाले.

मी परत आत गेले. जुन्या किलिमचे तुकडे शिवून केलेला उशीचा अभ्रा मला मघापासून आवडला होता. २५ सांगितले, १८ ला ठरला. मी दिलेली वीसची नोट त्यांनी जमिनीवर टाकली, उचलली, हनुवटीला लावली आणि मग गल्ल्यात ठेवली. पहिल्या विक्रीचे पैसे तिथे असेच घेतात.

संध्याकाळी बसमध्ये ती १२० युरोंची हकिगत मोठा पराक्रम म्हणून सांगितली जात होती आणि लोक हसत होते. मी उठून सगळ्यांसमोर बोलले. त्यानंतर मुंबईला उतरेपर्यंत जेवणाच्या टेबलावर माझ्याशी कुणी धड बोललं नाही. त्याची मला जराही खंत नाही.