ट्रेलर कुठून उघडतो? वरूड, चिखलदरा, चांदूर बाजार : चार रात्रींचा वृत्तांत

वरूडजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. डिसेंबरात सहाला अंधार पडायला लागतो, म्हणून सगळी घाई. त्या घाईतच यांनी तंबूची दुसरी खुंटी ठोकली. खुंटी चार बोटं आत गेली न गेली तोच पायाशी पाण्याची बारीक चिळकांडी उडाली. ठिबकची नळी! वर पाचोळा साचलेला, त्यात पंप चालू. बगीच्याचे मालक यांचे वर्गमित्र, त्यामुळे शिव्या खाव्या लागल्या नाहीत. त्यांनी खिशातूनच एक जॉइनर काढला, नळी कापून दोन मिनिटांत जोडली आणि एवढंच विचारलं, "वहिनी, अजून किती खुंट्या हायेत?"

चौदा होत्या.

आम्हाला स्वतःचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचा आणि मुक्कामाला उघडून झोपायचा ट्रेलर, बनवून घ्यायचा आहे. अमरावतीच्याच एका फॅब्रिकेशनवाल्याशी बोलणं झालं आहे. पण पैसे देण्याआधी चार रात्री काढून बघू, असं ठरलं. त्यासाठी यांच्या पुण्याच्या मित्राचा, बाजूने उघडणारा तंबूचा ट्रेलर मागून आणला. धाकट्या दिरांकडे त्यांचा स्वतःचा छोटा टिअरड्रॉप आहे : आत फक्त गादी, स्वयंपाकघर मागच्या झाकणाखाली. माणसं सहा. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक, दीर-जाऊ आणि बहात्तर वर्षांचे मामाजी, ज्यांचे गुडघे आता जिना बघूनच कुरकुरतात.

ऑस्ट्रेलियात या ट्रेलरचं मोठं पीक आहे आणि इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ तिकडचेच. तिकडे कॅराव्हॅन पार्कमध्ये आखून दिलेला प्लॉट, त्यावर बहुधा काँक्रीटचा ओटा, शेजारी पाण्याचा नळ आणि विजेचा खांब मिळतो. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातही अशा पार्कची कल्पना आहे. पण आम्ही ज्या चार रात्री काढल्या त्यात आमच्या वाट्याला आलेला 'प्लॉट' म्हणजे संत्र्याच्या दोन ओळींमधली पट्टी, एका निवासाचं वाहनतळ आणि एक खळं. त्यामुळे व्हिडिओत चकाचक वाटणारी रचना इथे कशी वागते हे पाहणं, हाच आमचा खरा प्रवास झाला. धबधबे आणि सूर्यास्त पॉइंट यांचं वर्णन इतरांनी भरपूर लिहून ठेवलं आहे.

तर बगीचा. नागपुरी संत्र्याची लागवड साधारण ६ बाय ६ मीटरवर असते, म्हणजे दोन झाडांत वीस फूट. ऐकायला प्रशस्त. पण झाडं वयात आली की घेर पसरतो, आंबिया बहराचं उरलंसुरलं फळ उतरायचं असेल तर फांद्यांना बांबूचे टेकू लावलेले असतात, आणि मध्ये मोकळी राहते ती दहा-अकरा फुटांची पट्टी. आमचा ट्रेलर बंद असताना सहा फूट रुंद. तंबू उघडला की पंधरा, वर सावलीचं छत ताणलं की बावीस. लांबीला त्याला काही लागत नाही, सगळी भूक रुंदीची. शेवटी छत न लावताच अर्धा तंबू फांद्यांत खुपसून उघडला, आणि रात्रभर कापडावर पानं खसखसत राहिली. दिरांचा टिअरड्रॉप त्याच ओळीत सरळ उभा होता, मागचं झाकण वर, त्याखाली जाऊबाई पिठलं ढवळत होत्या. त्यांची खुंटी शून्य.

टिअरड्रॉपला ओळीत मागे घेणं मात्र जमलं नाही. ट्रेलर लावून मागे जाताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, ते दिरांना येतं, पण अकरा फुटांत चुकीला जागा नव्हती. मग हूक सोडून चौघांनी हाताने ढकलला. पुढचं छोटं चाक भुसभुशीत जमिनीत रुततं, त्याखाली फळीचे दोन तुकडे आलटूनपालटून सरकवायचे. या दोन फळ्या कुणीही घरून घेऊन निघाव्यात.

बगीच्यात काम करणारा एक म्हातारा हे सगळं बघत विडी ओढत बसला होता. शेवटी त्याने मला विचारलंच, "हे काय होय वो बाई? मंडपाची ट्रॉली का?" आमच्या ट्रेलरचं याहून नेमकं वर्णन मला आजवर सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोर्शीवरून परतवाड्याकडे निघालो. मोर्शी सोडल्यावर गाडी साठच्या वर गेली की ट्रेलर शेपूट हलवायला लागायचा. हे म्हणाले, टायरची हवा. थांबून हवा पाहिली, बरोबर होती. मामाजी खाली उतरले, मागून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बंडी उलाळ झाली तुमची." खरंच होतं. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन, स्टेपनी आणि संत्र्यांचं एक क्रेट, सगळं मागच्या टोकाला. बैलबंडीत कडबा मागे जास्त झाला की जू वर उचलतं, तोच प्रकार. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा असं धरतात. तो मोजायला घरातला वजनकाटा पुरतो : काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा ठेवायचा आणि हुकाचं टोक गाडीला जोडलं असताना जेवढं उंच असतं तेवढ्याच उंचीवर त्यावर टेकवायचं. आम्ही कॅन आणि क्रेट चाकांच्या पुढे आणले आणि ट्रेलर गुमान चालू लागला. म्हणून रचना निवडताना पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघराचा कप्पा चाकांच्या कुठल्या बाजूला येतो हे बघा. टिअरड्रॉपमध्ये गॅस-भांडी मागे असतात, त्यामुळे जड सामान पुढच्या पेटीत भरायची सवय लावून घ्यावी लागते.

परतवाड्यात डिझेल भरून दुपारच्या आत घाट चढलो. उतरताना दुसरा गियर, आणि वळणावर एसटी दिसली की आपण थांबायचं. घाटाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. हा सगळा मेळघाटचा पट्टा असल्यामुळे वाटेत जंगलात कुठेतरी ट्रेलर उघडून बसायचा विचार मात्र डोक्यातही आणू नका.

चिखलदऱ्यात एका निवासाच्या वाहनतळावर जागा मिळाली होती. फोनवर मी विचारलं होतं, जागा किती? उत्तर आलं, "भरपूर आहे, या तुम्ही." भरपूर म्हणजे दोन गाड्यांची जागा, मागे कंपाउंडची भिंत आणि खाली सगळे सिमेंटचे गट्टू. आता फोनवर मी वेगळा प्रश्न विचारते : दोन बोलेरो शेजारी शेजारी उभ्या करून चारही दारं पूर्ण उघडतात का? यावर माणूस उठून बघून येतो.

गट्टूंवर खुंटी जात नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, पठारावर वारा मोकळा, आणि आमचा तंबू खुंट्यांच्या भरवशावर उभा राहणारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मागून आणल्या, त्यांत गिट्टी भरली आणि दोर त्यांना बांधले. रात्री दोनला वारा वाढला तसा एक कोपरा सुटला आणि थडाथड वाजायला लागला. लेक मध्ये, मी भिंतीकडच्या बाजूला. आमच्या ट्रेलरमधला पलंग असा की उतरायची बाजू एकच, बाकी तीन बाजूंना कापड. मी लेकीवरून, मग नवऱ्यावरून रांगत, शिडी उतरून बाहेर गेले. मामाजींना ही शिडी चढवायचा प्रश्नच नव्हता, ते पहिल्या रात्रीपासून टिअरड्रॉपमध्ये झोपत होते आणि दीर-जाऊ आमच्या तंबूत जमिनीवर.

टिअरड्रॉपचीही फजिती इथेच झाली. दिरांनी सवयीने ट्रेलर भिंतीकडे पाठ करून लावला, हूक सोडला, चाकांना उटी लावली आणि मग लक्षात आलं की स्वयंपाकघर भिंतीला चिकटलंय. झाकण उघडायलाच जागा नाही. पुन्हा सगळं काढून पुढे ओढला. शिवाय सकाळी आतून छत ओलंकच्च. एवढ्याशा पेटीत थंडीच्या दिवसांत माणूस झोपला की श्वासाचं दव धरतं. वरची झडप दोन बोटं उघडी ठेवल्यावर दुसऱ्या रात्री बरं झालं.

आमच्या पलीकडे इंदूरचं एक कुटुंब होतं, आणि त्यांचा ट्रेलर बघून माझा निकाल लागला. झाकण मागे उलटतं आणि तेच टणक फरशी होतं, जमिनीपासून हातभर वर. तंबू त्याच्यासोबत आपोआप उभा राहतो. त्यांना वाऱ्यासाठी दोनच दोर बांधावे लागले, ते त्यांनी गाडीच्या चाकांना बांधले. पलंग ट्रेलरच्या पेटीवर, उशा पुढच्या टोकाला आणि पाय फरशीकडे, त्यामुळे दोघंही एकमेकांना न तुडवता पायथ्याकडून उतरतात. हूक न सोडताही उघडता येतो, म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामाला गाडी-ट्रेलर जोडलेलेच. रुंदी तेवढीच राहते, लांबी वाढते. आपल्याकडच्या बगीच्याच्या ओळी, वाहनतळ, शेतरस्ते, सगळं लांबट असतं, हे मला त्या गट्टूंवर उभं राहून कळलं. त्या ताईंनी एकच तक्रार सांगितली : मागे दहा-बारा फूट मोकळे लागतात, त्यामुळे भिंत दिसली की तोंड भिंतीकडे करून लावायचा. पुढच्या बाजूला उलटणारेही ट्रेलर असतात. त्यात पलंग हुकाच्या दांडीवर येतो, म्हणून मागे जागा कमी लागते, पण गाडी सोडवून बाजूला घ्यावीच लागते. रोज मुक्काम हलवणाऱ्याने तो घेऊ नये असं माझं मत. एकाच जागी तीन-चार दिवस राहणाऱ्याला तो चांगला.

त्यांचं स्वयंपाकघर डाव्या बाजूने बाहेर सरकत होतं. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, तेव्हा चहासाठी थांबलं की चुलीजवळचा माणूस ट्रॅफिकच्या विरुद्ध बाजूला राहतो. आणि तंबू न उघडता ते बाहेर येतं. आमच्या ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी काढायची तर आधी अर्धा तंबू सोडावा लागे. वाटेत आम्ही एकदाही स्वयंपाक केला नाही, त्याचं कारण हेच.

चिखलदऱ्यातल्या दोन रात्रींत गाविलगड पाहिला आणि इथली कॉफी प्यायलो. एक दुपार दोर ताणण्यात गेली.

शेवटचा मुक्काम चांदूर बाजार तालुक्यात, आतेसासूबाईंच्या शेतातल्या खळ्यावर. कापसाची वेचणी चालू होती, पलीकडे धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून दुसऱ्या कुणाचा हरभरा. काळी जमीन, वरून कडक वाळलेली, मध्ये बोटभर भेगा. भेगेजवळची खुंटी हाताने उपटून निघत होती, पण जागा ऐसपैस, त्यामुळे पहिल्यांदाच सावलीचं छत ताणलं. रात्री आतेसासूबाईंनी गोवऱ्यांवर रोडगे केले. पोटभर जेवून झोपलो.

कृषिपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. अकराच्या पुढे लाइन आली, शेजाऱ्याने हरभऱ्याला ओलीत सोडलं आणि तो बहुधा झोपी गेला. पाणी धुरा फोडून, भेगा भरत भरत, खळ्यावर आलं. जाऊबाईंना वाटलं लेकीने पाण्याची बाटली सांडली. टॉर्च लावला तर तंबूच्या जमिनीवर गादी भिजत होती आणि चपला तरंगत होत्या. फरशी जमिनीला टेकलेली असली की पाणी, विंचू, चिखल सगळेच बिनबोलावता आत येतात. इंदूरवाल्यांची हातभर उंच फरशी मला त्या वेळी फार आठवली.

सकाळी दोन्ही चाकं अर्धी रुतलेली. ओली काळी माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरणंच बंद होतं. उलथण्याने ती खरवडून काढली आणि ज्याचं पाणी होतं त्यानेच ट्रॅक्टर लावून ओढून दिलं. "मले काय माहीत, तुमी खाली निजता," एवढं म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. काळ्या जमिनीत मुक्काम करायचाच असेल तर आदल्या संध्याकाळी धुऱ्याच्या पलीकडे कुणाचं ओलीत आहे आणि लाइन किती वाजता येते, हे विचारून घ्या. मुरूम टाकलेला शेतरस्ता असेल तर चाकं त्यावरच राहू द्या, भले रस्ता अरुंद असो.

घरी आल्यावर पहिलं काम मी अंगणात केलं. सुतळी ताणून फक्कीने आधी बंद ट्रेलर आखला, मग मागे उघडलेला, डावीकडे सरकलेलं स्वयंपाकघर, त्यापुढे उभ्या माणसाला लागणारे तीन फूट. शेजारी आपली गाडी खरोखरच आणून लावली. कागदावर नीट बसलेलं स्वयंपाकघर अंगणात तुळशी वृंदावनावर येत होतं, म्हणून ते फूटभर पुढे घेतलं. फॅब्रिकेशनवाल्याला मी त्या फक्कीचे फोटो आणि मापं पाठवली. त्याला दुसरी अट घातली की नोंदणीचे कागद कोण करणार आणि आरटीओत त्या मापाचा ट्रेलर मान्य होतो का, याचं उत्तर मिळाल्यावरच आगाऊ रक्कम.

मामाजी संध्याकाळी काठी घेऊन त्या पांढऱ्या रेघांमध्ये आले. पलंगाच्या चौकोनात खुर्ची ठेवून बसले, उठले, फरशीच्या रेघेपर्यंत चालत गेले आणि तिथे थबकले.

"इथं पायरी किती उंच करणार?"

नऊ इंच, मी म्हटलं.

"सात कर. आन् धरायला इकडून एक नळी लाव, उजव्या हाताले."

नळी आता डिझाइनमध्ये आली आहे.