बिएर्तानचं कुलूप

आज सिगिशोआराहून बिएर्तानला जाऊन आलो. रोमानियाच्या सिबिउ जिल्ह्यातली ही कोमुना, म्हणजे आपल्याकडच्या गट ग्रामपंचायतीसारखी: बिएर्तान, कोप्शा मारे आणि रिकिश मिळून एक. चहूबाजूंना टेकड्या. उतारांवर जुन्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या अजून दिसतात, बऱ्याचशा गवताने भरलेल्या.

गावाच्या मधोमध टेकाडावर तटबंदीचं चर्च, तटाचे तीन वेढे. हंगेरीच्या राजांनी बाराव्या शतकापासून इथे जर्मन शेतकरी-कारागीर वसवले, त्यांना सॅक्सन म्हणतात. तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्यावर त्यांनी देवळाचाच किल्ला केला! १५७२ ते १८६७ इथे ल्युथरन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ) बिशपची गादी होती, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत नाव.

मी मात्र रेंगाळलो चर्चमधल्या भांडारखोलीच्या दारापाशी. मागच्या बाजूला लोखंडी दांड्यांचं जाळं. एक किल्ली फिरवली की चारी बाजूंचे खिळे एकदम सरकतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे कुलूप मांडलं होतं म्हणे. पाचशे वर्षांपूर्वीचं काम, आणि आमच्या फ्लॅटच्या लॅचला दर पावसाळ्यात तेल लागतं.

तटातल्या एका खोलीत घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याला कोंडत: पलंग एक, ताट एक, चमचा एक. बायको म्हणाली, चमचा आधी कोणाला यावरूनच भांडण झालं असेल.

सॅक्सन आता मोजकेच उरलेत. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजून त्यांना सोडवून नेत असे. १९८९ नंतर उरलेलेही बहुतेक निघून गेले. सप्टेंबरात त्यांचा मेळावा बरीच वर्षं इथेच भरत असे.