जळकी फ्रेम

रविवार, रात्री साडेअकरा

‘थँक्यू काका.’ एवढंच बोलले मी, आणि सकाळपासून तेच दोन शब्द घशात अडकलेत.

तेव्हाच सांगून टाकायला काय झालं होतं? काकांनी कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे अख्खा रोल छोट्या छोट्या फोटोंत छापलेल्या कागदावर, भिंग ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून एकेक फ्रेम बघत खाली आले, नेहमीसारखे एक अक्षर न बोलता. त्यांनी बाराव्या फ्रेमवर थांबावं असं मला फार वाटत होतं. मेणवलीच्या घाटावरची ती मोठी घंटा, वसईहून आलेली, आणि तिच्या खालून दिसणारं कृष्णेचं पाणी. त्या एका फोटोसाठी मी पाऊण तास उन्हात उभी होते. बारावीवरून भिंग पुढं सरकलं. विसावीवरूनही सरकलं. थांबले ते थेट छत्तीसवर. लाल मेणाच्या पेन्सिलीनं तिच्याभोवती चौकोन आखला, भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाले, ‘हा तुझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो.’

आणि मी म्हणाले, थँक्यू काका.

तो फोटो मी काढलेला नाही. वहिनीनं काढलाय.

काकांकडे रविवारी जमणारे आम्ही सहाजण वर्गणी काढून एचपी-फाइव्ह या ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्मचा शंभर फुटी डबा आणतो आणि लोडरवर रोल भरून घेतो. छत्तीस फोटोंचे सतरा-अठरा रोल निघतात, तयार रोलपेक्षा स्वस्त पडतात. फक्त एक असतं. फिल्मचं शेपूट स्पूलला चिकटवताना ते उजेडात असतं, त्यामुळे अगदी शेवटची फ्रेम जळते. कधी पूर्ण, कधी अर्धी. डब्यातला रोल वापरणारे सगळे पस्तीसलाच संपलं असं धरून चालतात. छत्तिसावी आली तर आली.

गच्चीवर त्या दिवशी कुरडया चालल्या होत्या. आई सोऱ्या घेऊन बसलेली, डोक्यावर पदर, पुढ्यात जुनं धोतर अंथरलेलं. मी पहाटेपासून फोटो काढत होते. काउंटर छत्तीसवर आला तेव्हा वहिनी गरम चिकाचं पातेलं घेऊन वर आली, आणि मी तिला म्हटलं, ‘वहिनी, एकच उरलाय, तू काढ.’

किती उदार! आता लिहिताना अंगावर काटा येतोय. पस्तीस माझे, आणि जी फुकट जाणार हे पक्कं ठाऊक होतं ती तिला.

तिनं पातेलं खाली ठेवलं, हात पदराला पुसले. ‘मला काय कळतंय वन्सं त्यातलं?’

‘काही कळायला नको. सगळं लावून दिलंय. इथून बघायचं, हे दाबायचं.’

लावून दिलं होतं हे खरंच. लख्ख ऊन, १/५०० आणि एफ ११, फोकस आईच्या चेहऱ्यावर. वहिनीनं कॅमेरा उचलला, ‘केवढा जड आहे हो,’ म्हणाली, आधी भलताच डोळा मिटला, मग बरोबर मिटला. आणि तशीच, कॅमेरा डोळ्याला लावलेली, ओरडली, ‘आत्या, चिकात मीठ घातलंच नाही की!’

आईचा हात सोऱ्यावर राहिला. मान झटक्यात वर आली, तोंड उघडं पडलं. मग वहिनीचा चेहरा दिसला असणार, कारण डोळ्यांच्या कडेला हसू निघालं होतं, अजून ओठांपर्यंत पोचायचं होतं, तेवढ्यात खटका पडला. मग दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. मी लेन्सची टोपी हातात धरून उभी होते.

पुण्याला आल्यावर बाथरूममध्ये रोल धुतला. एप्रिलमधलं नळाचं पाणी, बर्फ घालघालून वीस अंशांवर आणलं, साडेसात मिनिटं मोजली. वाळत टाकताना शेवटच्या फ्रेमची उजवी कड काळी ठिक्कर दिसली आणि मी मनाशी म्हटलं, जळली. त्यात आईचा चेहरा कसा आलाय ते बघितलंसुद्धा नाही. तो आधी काकांनी बघितला, भिंगातून, आज सकाळी.

चहा झाल्यावर काका म्हणाले, चल, आत्ताच प्रिंट करू. म्हणजे मला अजून दोन तास मिळाले होते. एन्लार्जरवर निगेटिव्ह चढवताना सांगता आलं असतं. टेस्ट स्ट्रिप काढताना सांगता आलं असतं. काळोखात तर माझं तोंडही कुणाला दिसत नव्हतं.

कागद डेव्हलपरमध्ये सरकवला. काळं नेहमी आधी येतं. पहिल्यांदा आईच्या उघड्या तोंडातला काळोख आला. मग कानामागचे केस, मग कपाळावरच्या आठ्या. मग सोऱ्यातून सुटलेली, अजून न तुटलेली चिकाची तार. उजवीकडे मात्र काही येईना. धोतरावरच्या कुरडयांची रांग तिकडे जाता जाता विरत गेली आणि शेवटी नुसता पांढरा कागद. मी म्हटलं, काका, कड कापू या, नाहीतर थोडं बर्न करू या, जास्त उजेड देऊन काळं करू या. ते म्हणाले, ‘हात लावू नकोस. ऊन आहे ते.’

हा माणूस स्टुडिओ चालवायचा तेव्हा निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं लोकांच्या सुरकुत्या घालवायचा. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद हातानं चाचपून ओळखणारा. त्याच्या तोंडून ‘हात लावू नकोस’ ऐकायला मी चार वर्षं थांबले होते. ते ऐकायला मिळालं ते असं.

मग सगळे ट्रेभोवती जमले. नाशिकहून येणारी ती बराच वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, ‘आई कॅमेऱ्याकडे नाही गं बघत, तुझ्याकडे बघतेय.’

त्यावर तर मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. मान हलवली.

घरी येताना पूर्ण रस्ताभर मनात वकिली चालली होती. कॅमेरा माझा. रोल माझा, मी भरलेला, मी धुतलेला. एक्स्पोजर माझं. फोकस माझा. तिनं काय केलं, तर बटण दाबलं. सिग्नलला उभी असताना मला हे जवळजवळ पटलंही होतं. पण मग एफ ११ ला, इतक्या उन्हात, फोकसचं असं मोठंसं काय असतं? चेहऱ्याच्या पुढंमागं हातभर सगळंच येतं. आणि १/५००, एफ ११ हे फिल्मच्या खोक्यावर बघूनही कुणीही लावेल. राहिलं काय? मीठ राहिलं. ‘मीठ घातलंच नाही की!’ तो फोटो त्या वाक्यानं काढलाय, आणि ते वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं.

चार वर्षं. किती रविवार गेले, किती पैसे गेले, ते दादाला कळलं तर तो जेवायचा नाही. हाताला हायपोचा वास, बाथरूमच्या फरशीवर डाग, प्रत्येक लग्नात ‘मोबाईल असताना हे कशाला’ ऐकून घेणं. त्यातलं कशाचंच मला कधी वाईट वाटलं नाही. पण चार वर्षांत काकांचा लाल चौकोन किती वेळा मिळाला? दोनदा. आणि वहिनीला पहिल्या फटक्यात, जळक्या फ्रेमवर. मी आज प्रिंट घेऊन आले आणि दार लावून रडले. हे लिहायला नको होतं, पण रडले.

आणि होमाईबाई. मागच्या डिसेंबरात त्यांच्या जन्मदिवसाला मीच सगळ्यांना सांगत होते. होमाई व्यारावाला, जन्म नवसारीचा, १९१३ चा, शिक्षण मुंबईत जे. जे.मध्ये, पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार. आणि सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं, कारण बाई, आणि तीही कुणाला माहीत नसलेली. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं तेव्हा वयाची नव्वदी उलटून गेली होती. माझा आवाज भरून आला होता तेव्हा. मी म्हटलं होतं, विचार करा, आपण काढलेल्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव बघताना काय होत असेल. सगळे गप्प झाले होते.

त्याच खोलीत, त्याच टेबलाशी, आज मी काय केलं? होमाईबाईंना निदान छापलेलं बघायला तरी मिळालं. वहिनीला आपला फोटो आलाय एवढंही ठाऊक नाही.

पण खरं सांगायचं तर कुरतडतंय ते वेगळंच. माझ्याकडे आईच्या निगेटिव्हची अख्खी फाइल आहे. आत्ता काढून बसलेय, खिडकीच्या काचेवर टेबललॅम्प धरून एकेक पट्टी बघतेय. कॅमेरा दिसला की आई पदर सारखा करते, पाय जुळवते आणि आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखी बसते. सगळ्या पट्ट्यांवर तोच चेहरा. चुलीपाशी, तुळशीपाशी, अगदी दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा. मी आजवर म्हणत आले की आईला फोटोची सवय नाही. जुन्या माणसांचं असतंच तसं. आज कळलं, सवय नाही ती माझी. मी दोन महिन्यांतून एकदा येते, बॅग ठेवते आणि कॅमेरा काढते. पाहुणीसमोर माणूस पदर सारखा करणारच. अण्णा गेल्यावर तर... आणि त्या वाटणीच्या कागदानंतर... जाऊ दे. ते आज नको.

वहिनी रोज तिथं असते. आई कशानं दचकते, कशानं हसते, कशावर रागावते हे तिला मिठाइतकं ठाऊक आहे. मला मत्सर वाटतोय. फोटोचा वाटतोय असं दुपारपर्यंत वाटत होतं. फोटोचा नाही.

प्रिंट समोर आहे. मघापासून रागानं बघत होते, आता तेवढा राग राहिला नाही. किती सुंदर दिसते आई! दाढेची ती फट दिसतेय, जी ती कायम हात ठेवून झाकते. हे मला काढता येणार नाही, बहुतेक कधीच. पण माझ्या कॅमेऱ्यातून आलं, माझ्या बाथरूममध्ये धुतलं गेलं आणि मी नीट धुतलं. बर्फ कमी पडला असता तर हे दाणेही असे आले नसते. एवढं माझं. तेवढं असू दे.

काकांनी सांगितलंय, मागं मऊ पेन्सिलीनं नाव आणि तारीख घालून आण, दर्शनी खोलीत लावतो. पेन्सिल टोक काढून ठेवलीय. तारीख लिहून झालीय.


सोमवार, दुपार

डबा खाऊन झाल्यावर फोन केला. आधी कुरडया वाळल्या का विचारलं, आईचा गुडघा विचारला, मग सांगितलं. सगळं सांगितलं, जळक्या फ्रेमचंसुद्धा, मुद्दाम दिली होती तेसुद्धा. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

‘अहो वन्सं, त्यात काय एवढं,’ म्हणाली. ‘बटण तर दाबलं.’ मग जरा थांबून, ‘आत्या चांगल्या आल्यात का?’

म्हटलं, फार चांगल्या आल्यात.

‘दात दिसतोय?’

‘दिसतोय.’

‘मग त्यांना दाखवायचा नाही हं.’ आणि हसायला लागली. मलाही हसू आलं.

म्हटलं, वहिनी, मागं तुझं नाव घालायचंय. ती म्हणाली, कशाला. मी म्हटलं, घालायचंच आहे, काका भिंतीवर लावणार आहेत, पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. ती काही बोलली नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

मग म्हणाली, ‘वन्सं, कुठलं घालताय?’

मला आधी कळलंच नाही. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं होतं. तांदळात दादानं अंगठीनं लिहिलं होतं, आणि ते नाव मीच सुचवलं होतं, दादाच्या नावाला जुळणारं म्हणून. सोळा वर्षं झाली. तिचं पहिलं नाव काय होतं ते लग्नपत्रिकेवर वाचलं असणार. मला आठवेना.

‘तू सांग कुठलं,’ म्हटलं.

तिनं माहेरचं सांगितलं, हळू आवाजात, शेजारी कुणी असल्यासारखं. मी ऱ्हस्व की दीर्घ ते विचारून घेतलं. प्रिंट उलटी केली, खाली जाड वही ठेवली आणि लिहिलं. गुळगुळीत कागदावर पेन्सिल नीट उठत नाही, दोनदा गिरवावं लागलं.