आज ‘द क्रॉनिक’ पुन्हा ऐकला

आज दुपारी दादाकडे अमेरिकन रॅपर डॉ. ड्रेचा ‘द क्रॉनिक’ पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकला. डिसेंबर १९९२चा अल्बम. दादाचं मत ठाम आहे, असा बेस पुन्हा कुणाला जमला नाही. मलाही पटतं. पार्लमेंट-फंकाडेलिक या बँडचं सत्तरच्या दशकातलं फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणारं संगीत, ड्रेनं नुसतं उचललं नाही, बऱ्याच ठिकाणी वादकांकडून नव्यानं वाजवून घेतलं. त्यावर सिंथेसायझरचा तो बारीक, शिट्टीसारखा लांबत जाणारा सूर. आणि जेमतेम एकविशीतला रॅपर स्नूप! ओरडत नाही, घाई करत नाही, ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसा ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो.

वहिनीही ऐकत होत्या. म्हणाल्या, “चाल झकास आहे रे, पण बाईसाठी यांच्याकडे शिवीशिवाय शब्दच नाही का?”

दादा गप्प. माझ्याकडेही उत्तर नव्हतं, आणि ते नसावंच असं वाटतं. अमेरिकेत सी. डेलोरेस टकर यांच्यासारख्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी नव्वदच्या दशकातच अशा गँगस्टा रॅपविरुद्ध, म्हणजे टोळ्या-बंदुकांच्या जगावरच्या रॅपविरुद्ध, हाच आवाज उठवला होता.

मग एप्रिल १९९२च्या दंगलीवरचं गाणं लागलं. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या दिवसांत रेकॉर्ड झालेले लोकांचे संतापलेले आवाज गाण्यात तसेच आहेत. ते ऐकताना वहिनींनी हातातला कप खाली ठेवला.

“हे परत लाव,” म्हणाल्या.