कन्नडचा पेपर आणि मोबाईलचं आमिष

दहावीचं वर्ष सुरू झालं की आमच्या बेळगावात घराघरात सौदा ठरतो, कन्नडात ८० च्या वर मार्क काढलेस तर मोबाईल घेऊन देणार. मी वडगावात संध्याकाळी ट्यूशन घेते, गणित आणि सायन्सचं, पण पोरांचं रडगाणं असतं ते कन्नडचं. "टीचर, तेवढं कन्नड एकदा सुटलं की झालं!" मराठी शाळेतली पोरं, इतकी वर्षं वर्गात कन्नड शिकलीत, धडे पाठ, प्रश्नोत्तरं पाठ, आणि बाजारात कोणी साधं कन्नडात काही विचारलं की खाली बघायला लागतात. ह्याच पोरांची आज्जी शाळेची पायरी कधी चढली नाही, पण ती भाजीची बुट्टी घेऊन बसते तेव्हा एका गिऱ्हाईकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी कन्नडात घासाघीस करते, वर "ऊटा आतेन्री?" (जेवण झालं का?) म्हणून चौकशी पण करते. तिला मार्क कुणी दिले नव्हते आणि मोबाईल तर लांबचीच गोष्ट.

म्हणजे डोकं कमी पडतंय असं नाहीच. शिकावंसं वाटणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि शैक्षणिक मानसशास्त्रात त्यावर भरपूर काम झालंय, ते आपल्या पालकांपर्यंत पोचत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमिषाचंच घ्या. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या पोरांना मुळातच स्केचपेननं चित्रं काढायला आवडतं अशीच पोरं घेतली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळणार, काहींना न सांगता नंतर दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. एकदोन आठवड्यांनी स्केचपेन परत वर्गात ठेवले आणि बघितलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली पोरं आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांना काही फरक पडला नाही. आवड पोराचीच होती, बोली लावून ती आपण मजुरी करून टाकली.

आता ह्यावरून बक्षीस देणंच वाईट असं कुणी समजू नये. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन ह्यांनी पुढं १२८ अभ्यास एकत्र करून बघितले (१९९९ मध्ये), त्यात कौतुकाच्या शब्दांनी आवड साधारणपणे वाढते असं दिसलं, कमी होते ती आधीच कबूल केलेल्या वस्तूंनी. ह्या दोघांचं म्हणणं असं की माणसाला शिकायला तीन गोष्टी लागतात, हे मी माझ्या मर्जीनं करतोय असं वाटणं, मला हे जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं बरोबर असणं. आपल्याकडच्या कन्नडच्या तासाला ह्यातलं काय मिळतं बघा. मर्जी नाही, सरकारी नियम आहे. जमत नाही, कारण पुस्तकातलं कन्नड एक आणि शहापूरच्या विणकर गल्लीत कानावर पडतं ते वेगळंच. आणि माणसं तर नाहीतच, वर्गात सगळी मराठीच पोरं, कन्नड बोलायचं कुणाशी?

माणसांचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो आणि इथं मॉन्ट्रियलची गोष्ट सांगायलाच पाहिजे. कॅनडातलं क्यूबेक म्हणजे फ्रेंच आणि इंग्लिश भाषिकांच्या ताणाताणीचा प्रदेश, आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तिथं रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट ह्यांनी १९५९ मध्ये इंग्लिश घरातल्या ७५ हायस्कूलच्या मुलांचा अभ्यास केला, फ्रेंच कुणाला चांगलं येतं आणि का. भाषेची उपजत समज कामाला येतेच, पण तिच्याइतकीच, आणि तिच्यापासून स्वतंत्रपणे, दुसरी गोष्ट दिसली ती म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या लोकांबद्दल मुलाला काय वाटतं. त्या लोकांना ओळखावं, त्यांच्यात मिसळावं असं ज्यांना वाटायचं त्यांना फ्रेंच जास्त यायचं, नुसतं नोकरीला उपयोगी पडेल म्हणून शिकणारे मागं. पण पुढं फिलिपाईन्समध्ये बघितलं तर इंग्लिशसाठी उपयोगाचं कारणसुद्धा तितकंच जोरदार निघालं, कारण तिथं रोजच्या जगण्यालाच ती भाषा लागत होती. आपल्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, फाउंड्रीत कामाला लागलेली पोरं बघा की, शाळेत कन्नडला पास व्हायची मारामारी आणि वर्षभरात सुपरवायझरशी कन्नडात वाद घालतात!

लॅम्बर्टचंच अजून एक काम आहे आणि ते आपण सीमाभागातल्या लोकांनी नीट वाचावं असं मला फार वाटतं. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात इंग्लिश पालकांनी स्वतः मागणी करून बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला, आणि लॅम्बर्टनं त्या पोरांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. फ्रेंच तर छान आलंच, इंग्लिशचं पण काही बिघडलं नाही. पण त्यानं स्वतःच पुढं बजावून ठेवलंय की ज्यांची घरची भाषा भक्कम आहे, मानाची आहे, त्यांच्यासाठी दुसरी भाषा ही भर असते, आणि ज्यांच्या भाषेला आधीच धक्का बसतोय त्यांच्यासाठी ती वजाबाकी होऊ शकते. आपली पोरं कुठल्या बाजूला आहेत? दुकानाच्या पाटीवरून, ऑफिसातल्या कागदावरून, मराठी जाताना त्यांनी बघितलीय, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिवशी, घरातली मोठी माणसं काळी फीत लावून फेरीला जाताना बघितलीत. अशा पोराला कन्नडचं पुस्तक हातात दिलं की त्याला वाटतं आपल्याकडनं काहीतरी काढून घेतायत, मग ते शिकत नाही, आणि न शिकणं हाच त्याला स्वाभिमान वाटतो. मी त्याला दोष देत नाही. मराठी कागदपत्रं मिळावीत, मराठी शाळा नीट चालाव्यात ही मागणी रास्तच आहे, आणि माझं मत असं की ती पुरी झाली तर कन्नडसुद्धा आत्तापेक्षा जास्त येईल.

माझ्याकडं येळ्ळूरची एक मुलगी येते. कन्नडात काठावर पास होणारी. मागल्या वर्षी तालुक्याच्या खो-खोच्या टीममध्ये निवड झाली आणि टीममध्ये निम्म्या पोरी कन्नड. एकदा तिची गणिताची वही तपासताना शेवटचं पान उघडलं, तर देवनागरीत ओळीनं लिहिलेलं, हिंदे म्हणजे मागं, मुंदे म्हणजे पुढं, ओडु म्हणजे पळ, हिडी म्हणजे पकड, बेगा म्हणजे लवकर. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, पोरी त्यात कन्नड लिपीत लिहायच्या, प्रॅक्टिस किती वाजता आहे ते कळेना म्हणून ही एकेक अक्षर लावत बसायला लागली, पुस्तकातली तीच अक्षरं जी तिला इतकी वर्षं नकोशी होती. आता ती त्या मैत्रिणींशी फोनवर अर्धा अर्धा तास बोलते, चुकत माकत बोलते, त्या हसतात, ही पण हसते आणि परत बोलते. आणि तिकडनं एकदोघी मराठी शिकायला लागल्यात, ते मला जास्तच आवडलं. तिला बघून वर्गातली अजून एक पोरगी अक्षरं लावायला लागली. अल्बर्ट बांडुरा हा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा तसंच, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं बघितलं की आपल्याला पण जमेल असं वाटायला लागतं.

तेव्हा पालकांनो, मोबाईल घ्यायचाच असेल तर घ्या, पण मार्कांना बांधू नका. मे महिन्याच्या सुट्टीत पोराला एखाद्या कन्नड घरातल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायला सोडा, ओळखीच्या दुकानात तासभर बसवा, चुकीचं बोललं तर घरात टिंगल करू नका. आणि रात्री मराठीतलं काहीतरी त्याच्याबरोबर बसून वाचा, ते सुटता कामा नये. आमच्या गल्लीत यंदा मुलामुलींचा दोन्ही भाषांचा मिळून खो-खो ठेवायचं चाललंय, शहापूर, वडगाव, अनगोळमधलं कुणाचं पोर येणार असेल तर खाली कळवा.